बावड्याचा पडदेवाला

"तुमी मरा नायतर जगा, पडदा येळेवर पडणार." तालमीच्या पहिल्याच दिवशी आमचा पडदेवाला आम्हाला हे ऐकवायचा, आणि ऐकवताना दोरीला एक झटका द्यायचा. वय विशीच्या आतबाहेर, मिसरूड नुकतं फुटलेलं. समोर आम्ही बापे: मी हायस्कुलातला मराठीचा मास्तर, एक कापडवाला, एक कचेरीतला कारकून. बारामतीतल्या हौशी नटांशी तुमचा कधी संबंध आला असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, ही जात कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण त्याचं ऐकायची. त्याच्या तोंडी लागण्यापेक्षा ते परवडायचं.

मी त्या काळात राण्यांची कामं करायचो. एकदा तालमीत शालूचा पदर दाराच्या खिळ्याला अडकला, तर हा सगळ्यांदेखत म्हणतो, "मास्तर, राणी हाय तुमी, म्हस न्हाय. दारातनं सरळ निगा." दोन वर्षांपूर्वी हा माझ्या वर्गात बसायचा. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. पुढं दारातून मात्र नीट निघायला लागलो.

आमच्याकडे नाटकात बक्षिसाची एक रीत होती. एखादं काम आवडलं की गावातला मोठा माणूस भर प्रवेशात उठायचा, स्टेजवर चढायचा, नाव पुकारायचा आणि नटाच्या डोक्याला फेटा बांधायचा. नाटक तेवढा वेळ थांबायचं. मेलेला राजाही उठून बसायचा, फेटा बांधून घ्यायचा, हात जोडायचा आणि पुन्हा मरायचा. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे, आम्हाला तर नाहीच नाही. ह्या पोराला मात्र ते बघवेना. त्यानं नियमच केला, की प्रवेश चालू असताना कुणीही वर चढायचं नाही, बक्षीस पडदा पडल्यावर. पिंपळीच्या एका पाटलाला त्यानं पायरीवरनं माघारी धाडलं होतं. आमचे नट त्यावरून त्याच्यावर भयंकर खार खाऊन होते.

गुजरातेत कुठल्याशा कॉलेजात नाटक शिकवतात, आणि त्यात रंगमंचाची व्यवस्था असा वेगळा विषय असतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं. तो धावत माझ्याकडे आला. "मास्तर, ह्येचं बी कालेज असतंय?" एवढा हरखलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "जायचंच तर नटाचा विषय घे. चार लोक ओळखतील तरी."

"नट लई हायती, मास्तर. त्यास्नी येळेवर भाईर काढणारं कोण न्हाय."

त्याचे वडील बावड्याचे बडे ऊसवाले. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांना पोरगा पुण्याला शेतकीच्या कॉलेजात घालायचा होता. "पडदा वडायला कालेज? मग मोट वडायला बी काढा एक," असं ते चावडीवर बोलले. पण पोरानं हट्टच धरला, तेव्हा म्हणाले, "इंदापुरात तुमचा खेळ हाय न्हवं? बगतो तुजं काम. मग ठरवू."

इंदापुरात तात्या भावकी घेऊन पुढंच बसले होते. खेळ असा झाला की आम्हीच चकित झालो. कुणी चुकलं नाही, काही पडलं नाही. तिसऱ्या अंकात राजपुत्र मरतो आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडतो. मांडव गप्प होता. तेवढ्यात तात्या उठले. हातात जरीचा फेटा. लोकांकडे वळून म्हणाले, "ह्यो समदा खेळ माज्या पोरानं चालवलाय. त्येला म्या..." आणि बोलत बोलत त्यांनी पायरीवर पाय ठेवला. पुढचं वाक्य मला कळलं होतं. चारचौघांत दिलेला शब्द तात्या कधी फिरवत नसत. पोरगा कॉलेजात गेल्यातच जमा होता.

माझ्या मांडीवरच्या राजपुत्रानं एक डोळा उघडला. विंगेकडे बघत हलकेच म्हणाला, "आडव की आता. आमचं फेटंच आडवतोस व्हय?"

तो विंगेतून बाहेर आला. मला वाटलं, आता पडदा टाकेल, बापाच्या पाया पडेल, सुटेल एकदाचा. तो पायरीपाशी गेला आणि आम्हाला बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "तात्या, खाली बसा. शीन चालू हाय."

आधी मागचे हसले, मग पुढचेही. भावकी सगळ्यांत जास्त हसली. तात्या फेटा हातात धरूनच खाली बसले. मधून उठून गेले नाहीत. शेवटपर्यंत त्यांनी नाटक बघितलं, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

खेळ संपल्यावर ते रंगपटात आले. माझ्याशी अगदी अदबीनं बोलले. "मास्तर, पोरगं तयार हाय. बापाला बी आडवतंय. आता कालेजात काय शिकायचं ऱ्हायलंय?" असं म्हणून त्यांनी तो फेटा राजपुत्राच्या डोक्याला बांधला. तो नालायक हात जोडून हसत होता. पोरगा बाजूला पडद्याची घडी घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास मी बावड्याला गेलो. मला राहवेना. तात्यांनी घोंगडी टाकली, चहा मागवला. मी म्हटलं, "तात्या, अजून वेळ गेलेली नाही. पोराच्या हातात गुण आहे, त्याला पाठवा." तेवढ्यात तो रानातून आला. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून दारातच थांबला.

"तात्या, म्या काय म्हंतो..."

"खाली बस. मोठी माणसं बोलत्यात."

ज्याच्या एका शब्दावर आम्ही बापे गुमान उभे राहायचो, तो दाराशी जमिनीवर बसला. तात्यांनी माझा चहा बशीत ओतला, "घ्या मास्तर, निवतोय," म्हणाले, आणि उसाचं बोलायला लागले.