पाणी न विचारणाऱ्या सुमनताई

सुमनताई समोर बसलेल्या माणसाला पाणी विचारत नसत. टेबलावर तांब्या आणि पेला असे. तहान लागली तर आपण ओतून घ्यायचं. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, म्हणून पहिल्या भेटीत मला त्या माणूसघाण्या वाटल्या. चाळीस मिनिटं कोरड्या घशानं बसलो, पण पेल्याला हात लावला नाही.

मी जळगावला मेहरूणमध्ये राहतो, पाटबंधारे खात्यात पाण्याच्या पातळीच्या नोंदी ठेवतो. शेजारच्याच घरात राहणारा माझा धाकटा भाऊ रवी पितो. तो पडून राहिला की त्याच्या कंपनीत ‘ताप आहे’ असा फोन अकरा वर्षं मीच करत आलो. त्याच्यासाठी समुपदेशक शोधत जळगावात तिघांकडे गेलो. रवी एकाकडेही आला नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “तुमचं वजन किती उतरलंय?” नऊ किलो. त्यांनी धुळ्याच्या समुपदेशक सुमनताईंचा पत्ता लिहून दिला. म्हणाले, “भाऊ येत नसेल तर राहू द्या. तुम्ही जा.” भावाला आणायची युक्ती तिथं कळेल, एवढंच मी त्यातून घेतलं.

म्हणून वही घेऊन गेलो. रवी कधी प्यायला, किती वाजता झोपला, काय जेवला, सगळं तारीखवार. ताईंनी चार पानं वाचली. साठी ओलांडलेली बाई, माहेर शिरपूरकडचं. एरवी शुद्ध बोलत, पण वर्मावर बोट ठेवायचं झालं की अहिराणीत उतरत. वही मिटून म्हणाल्या, “भाऊ, हाई बठ्ठं त्यानं शे. तुमनं काय शे?” वहीतलं सगळं त्याचं, मग माझं काय, असं विचारत होत्या.

“मला काही नाही. त्याला झोप लागत नाही.”

“तुम्हाला लागते?”

“तो झोपला की लागते.”

“आणि भूक?”

“तो जेवला की.”

“दोन पोटं, भूक एक. असलं गणित चालतं का तुमच्या खात्यात?”

या दुखण्याला सहावलंबन म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. वर म्हणाल्या, “नाव विसरलात तरी चालेल.”

दर गुरुवारी जाऊ लागलो. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी रवी म्हणाला, “दादा, फोन कर ना कंपनीत.” मी नाही म्हणालो. तो दारातच ओरडला, “एक फोन जड झाला का तुला? माझी पोरं उपाशी बसली की ये मग बघायला!” पंधरा दिवसांनी त्याला कामावरून काढलं. मी तणतणत धुळ्याला गेलो.

“तुमच्यामुळे गेली त्याची नोकरी.”

“दारूमुळे गेली.”

“तो सुधरेल का?”

“मला माहीत नाही, भाऊ.”

खोटा धीर त्यांनी कधी दिला नाही. त्या दिवशी मी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं. दोन पेले.

पुढे मात्र मी ताईंनाच धरून बसलो. मुलीनं कोणती शाखा घ्यावी, घराला रंग कधी द्यावा, सगळं त्यांना विचारायचो. त्यांचा नळ गळत होता, तर न सांगता प्लंबर नेला. “नळ मना शे,” माझा आहे, मी बघेन, असं बजावून त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. तरी मला उमगलं नाही. त्या हृदयविकारानं दवाखान्यात आहेत असं कळलं तेव्हा बायकोला उठवून भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, तीन भाकरी करायला लावल्या आणि पहिली एसटी धरली.

ताईंनी डब्याकडे पाहिलं. आवाज खोल गेला होता. “कोणी सांगितलं आणायला?”

“इथलं जेवण तुम्हाला जात नसेल...”

“मला विचारलं? माझी सून आणते डबा. तुम्ही जेवलात?”

“नाही.”

“भूक लागलीय?”

पहाटेपासून पोटात काय गेलं ते मी आठवून पाहिलं. “लागलीय.”

“मग जा, जेवा. आणि आता गुरुवारी येऊ नका. तुमचं माझ्याकडचं काम झालं.”

ती शेवटची भेट. महिन्याभरात ताई गेल्या.

त्या भेटीतून उठून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून मी डबा उघडला. पहिल्याच भाकरीला रवीचा फोन वाजला. मी तो वाजू दिला. भरीत झणझणीत होतं, छान झालं होतं. तिन्ही भाकरी खाल्ल्या, डबा विसळला, हात पुसले. मग त्याला फोन लावला.