कुंकू लावलेला फॉर्म

बहिणीनं, सुनंदानं, दवाखान्याचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. आमच्या घरात नवं पुस्तक असो की जमिनीचा कागद, त्याला आधी कुंकू लागतं. मग तो माझ्याकडे येतो. घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि मला त्याचा अभिमान आहे.

तिची सहा वर्षांची मुक्ता स्वमग्न आहे, अजून बोलत नाही. तिच्याच हाडांतल्या मगजातून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, काढून पुन्हा तिच्या अंगात सोडायच्या, असा उपचार होता.

“दादा, मग ती आई म्हणेल ना रे?”

फॉर्मवर बारीक इंग्रजीत होतं की उपचार अजून सिद्ध झालेला नाही, गुण येईलच असं नाही, अपाय होऊ शकतो. मी मराठीत सांगितलं.

“असं सगळ्याच फॉर्मवर असतं. माझ्या अपेंडिक्सच्या वेळी तूच म्हणालेलास.”

म्हणालो होतो खरा. मुक्ता खिडकीशी उभी राहून उन्हातली धूळ बोटांनी ढवळत होती, आपल्याशीच हसत होती. शिक्षणानं मला कागद वाचायला शिकवलं. पण वाचलेलं एखाद्या आईला कसं सांगायचं, हे कुणी शिकवलं नाही.

“सही करू नकोस, सुनंदा,” मी म्हणालो.

ती रागावली नाही. फॉर्मची नीट घडी घालत म्हणाली, “तुझी पोरं बोलतात, दादा.”