काळ्या जमिनीचा जावई

माझे सासरे अण्णा परीक्षा घेतल्याशिवाय कोणाला पाणीसुद्धा देत नसत. हे मी जावयाच्या आकसाने लिहितो आहे असे कोणी समजू नये. सोलापूरच्या भवानी पेठेत अजून चार म्हातारे असे सापडतील, की ज्यांनी अण्णांच्या ओसरीवर बसून एकवीस प्रश्नांची उत्तरे दिली आणि मगच पेला तोंडाला लावला. त्यातले दोन प्रश्न तर तहानेवरच होते. "पाणी मागितल्यावर ते यायला उशीर झाला, तर तुम्ही काय करता?" हा सातवा प्रश्न विचारून अण्णा मुद्दाम उशीर करत, आणि पाहुणा तोंडाने सांगतो ते खरे की तोंडावर दिसते ते खरे, याची कागदाच्या कडेला नोंद करत.

अण्णा शाळेत भूगोल शिकवत. माणसांचा स्वभाव हा विषय त्यांना कोणी दिलेला नव्हता. त्याला कारण झाले एक इंग्रजी मासिक. कोणी साहेब ते आगगाडीत विसरला आणि हात बदलत बदलत ते अण्णांच्या पुढ्यात येऊन पडले. त्यात 'तुमचा स्वभाव ओळखा' अशी एक प्रश्नावली होती. अण्णांनी ती इमानेइतबारे सोडवली, गुणांची बेरीज केली आणि शेवटच्या पानावरचा निकाल वाचला. आपण आगबोटीचे कप्तान होण्यास अत्यंत योग्य आहात, असे तिथे लिहिले होते. सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्याखेरीज पाणी पाहायला मिळत नाही, आणि अण्णांना पोहता येत नव्हते. तरी पुढचे आठ दिवस ते रोज संध्याकाळी तळ्याला फेरी घालून येत, असे त्यांची बहीण सांगायची. नवव्या दिवशी त्यांनी ठरवले, की परीक्षेची कल्पना उत्तम आहे, प्रश्न मात्र आपल्या कामाचे नाहीत. ज्या माणसाच्या हातात जन्मात काटा-चमचा यायचा नाही त्याला काटा डाव्या हातात धरता की उजव्या, असे विचारून काय कळणार?

म्हणून त्यांनी आपले प्रश्न तयार केले. लग्नाच्या पंगतीत तुमच्या पानात जिलबी वाढायची राहिली, तर काय कराल? गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलात आणि पाळणा वरच्या वर अडकला, तर काय कराल? दुसऱ्याने केलेल्या कामाबद्दल लोक तुमची स्तुती करू लागले, तर काय कराल? उत्तरांवरून ते माणसाची जमीन ठरवत. भूगोलाचे मास्तर आणि मूळचे ज्वारीच्या मंगळवेढ्याचे, त्यामुळे माणसांचे प्रकार त्यांना मातीतच दिसले. मुरमाड माणसात काही टिकत नाही, जेवढे ओताल तेवढे खाली निघून जाते. पाणथळ माणूस बारा महिने डोळे पुसत असतो. चोपण माणूस वरून गुळगुळीत, गोरा, नजरेत भरणारा, पण त्यात काही उगवत नाही. आणि चौथी काळी जमीन. "पावसात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते, बघायला कोणी हौसेनं येणार नाही," अण्णा सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज बदले. "पण एकदा ओल धरली, की पुढं पाऊस येवो न येवो, ज्वारी देते की नाही बघा!"

हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले असते तर त्यांना शाळेत बढती मिळाली असती. एकदा हेडमास्तरांनी हसत हसत विचारले, "काय हो, तुमच्या मते आम्ही कोणत्या जमिनीचे?" अण्णांनी क्षणभरही विचार न करता सांगितले, "मुरमाड. पण पाट काढला तर एखादं पीक निघेल." पेठेतल्या एका वाण्याला त्यांनी चोपण ठरवले, तेव्हापासून त्यांच्या घरचा गूळ दोन गल्ल्या पलीकडून यायचा. सगळ्यांत मोठा मान मात्र सांगोल्याकडून घोंगड्या विकायला आलेल्या एका धनगराने पटकावला. वाटेला दोन फाटे फुटले आणि विचारायला कोणी नाही तर काय कराल, असे अण्णांनी त्याला विचारले.

"म्या काय करनार? मेंढरं जातील तिकडं जायाचं," तो म्हणाला.

"आणि मेंढरं चुकली तर?"

"मेंढरं कशाला चुकत्यात? मानूस चुकतंय. तुमी मेंढरांचीच परीक्षा घ्या की मास्तर, लई शानी हायती."

अण्णा इतके खूश झाले की त्यांनी भर वैशाखात दोन घोंगड्या विकत घेतल्या. अशी काळी जमीन मंगळवेढ्यातसुद्धा राहिली नाही, असे ते महिनाभर भेटेल त्याला सांगत होते.

इथपर्यंत सगळे गमतीचे होते. पण अण्णांना एक मुलगी होती. यमुना तिचे नाव. आई लहानपणीच गेलेली, घर आत्या सांभाळायची. मुलीला बघायला आलेल्यांनी मुलीला प्रश्न विचारावेत, गाणे येते का, शिवण येते का, चालून दाखव, ही जगाची रीत. अण्णांच्या घरी मुलगी आत आणि मुलगा ओसरीवर पाटावर, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, हातात टाक. बार्शीचा एक मास्तर अकराव्या प्रश्नाला घामाघूम होऊन उठला. अक्कलकोटच्या एका स्थळाला अण्णांनी निरोप पाठवला, की आम्हाला काळ्या जमिनीचा मुलगा हवा. तेव्हा मुलाचा बाप सात-बाराचा उतारा घेऊन आला आणि चाळीस एकर काळी दाखवून, आणखी काय पाहिजे म्हणून विचारू लागला. अशी एकामागून एक नऊ स्थळे परत गेली. यमुनेला एकविसावे सरले. पेठेत बायका तिच्याकडे बघून आवाज खाली आणू लागल्या आणि आत्या देवापुढे बसली की डोळे पुसू लागली. "तुझ्या जमिनी नांगरत बस तू," ती भावाला म्हणायची, "पोरगी राहू दे घरात पडीक."

एव्हाना अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. वर्गात ते नकाशा पाठ असल्याने निभावून नेत, तरी ब्राझील म्हणून टेकवलेली छडी बऱ्याचदा समुद्रात बुडायची. ऑपरेशन करून घ्या म्हटले की चिडत. वाचायचे काम यमुनेकडे होते. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी मुलांच्या वह्या आणि स्थळ येऊन गेले की त्याचा कागद. आतल्या खोलीत ती एकेक उत्तर वाचून दाखवायची आणि अण्णा डोळे मिटून जमीन सांगायचे.

दहावे स्थळ मी. श्रीपूरच्या साखर कारखान्यात नुकताच चिकटलेला कारकून, बरोबर एक मामा. मला कोणी आधी काही सांगितले नव्हते, त्यामुळे मी खरे लिहिले. जिलबी राहिली तर? 'यजमानाकडे पाहून खोकेन, तरी न मिळाल्यास शेजाऱ्याच्या पानातली उचलेन.' पाळणा अडकला तर? 'ओरडेन.' दुसऱ्याच्या कामाबद्दल स्तुती झाली तर? 'आभार मानेन.' एकवीस उत्तरे देऊन, पाणी पिऊन आम्ही बाहेर पडलो. गल्लीच्या टोकाशी गेल्यावर माझ्या लक्षात आले, की आपली टोपी ओसरीवरच राहिली.

मी परत आलो. आतल्या खोलीचे दार उघडे होते. अण्णा दाराकडे पाठ करून बसले होते आणि त्यांच्यासमोर यमुना माझा कागद वाचत होती. "जिलबी राहिली तर वाढणाऱ्यांची धांदल ध्यानात घेऊन मी गप्प बसेन आणि घरी जाऊन त्याचा उच्चार करणार नाही." मी चपापलो. हे मी लिहिले नव्हते. माझ्या हातून असे काही लिहून होणेही शक्य नव्हते. "पाळणा अडकला तर बरोबरच्या मुलांना गोष्ट सांगेन." मला तर लहान मुलांची गोष्ट एकही येत नाही! एवढ्यात तिने मान वर केली आणि दारात मी दिसलो. ती थांबली. लाल झाली. पुढची ओळ दोनदा सुरू करून दोनदा अडखळली. माझ्याबद्दल म्हणाल, तर मी तोंड उघडले नाही. टोपी तिथेच टाकून पाय न वाजवता निघालो. मागून अण्णांचा आवाज आला, "पुरे. चौदा प्रश्न बास झाले. काळी जमीन!" दुसऱ्याच्या कामाबद्दल झालेल्या स्तुतीचे मी मनातल्या मनात आभार मानले.

लग्न झाले. पण काळी जमीन म्हणवून घेणे सोपे नसते. श्रीपूरला बिऱ्हाड मांडले तरी सोलापूरला आलो की अण्णा पेठेतल्या लोकांना माझ्याकडे बोट दाखवत आणि लोक माझ्याकडे पीक बघायला आल्यासारखे बघत. एका मुंजीत वाढपी खरोखरच माझ्या पानाशी न थांबता पुढे गेला. गोड बुंदी होती, ताजी होती, आणि पलीकडे अण्णा कान देऊन बसले होते. मी खोकलो नाही. त्या बुंदीची हळहळ मला अजून वाटते. रात्री यमुनेला म्हटले, "हे सगळं तुझ्यामुळं." ती नुसती हसली.

तीन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. ती बातमी ऐकली आणि इतकी वर्षे अडून बसलेले अण्णा, नातीचे तोंड बघायचे म्हणून मिरजेला जाऊन ऑपरेशन करून आले. जाड भिंगांचा चष्मा लागला. आम्ही पोरीला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तिला आधी खिडकीशी नेले, मग यमुनेला. यमुनेकडे ते फार वेळ बघत राहिले. "एवढी मोठी कधी झालीस गं?" असे म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. ती शेवटची नीट दिसली तेव्हा सोळा वर्षांची होती.

जेवणे झाल्यावर यमुना पोरीला निजवायला आत गेली आणि अण्णांनी पेटीतून एक गठ्ठा काढला. सगळे जुने कागद त्यांनी जपून ठेवले होते. माझा कागद सर्वांत वर होता. त्यांनी तो चष्म्याजवळ धरला. ते सावकाश वाचत होते. मध्येच त्यांचे खांदे हलू लागले.

"शेजाऱ्याच्या पानातली उचलेन!" ते म्हणाले. "जावईबापू, तुम्ही अस्सल मुरमाड निघालात की हो."

मी हात जोडले. म्हटले, "अण्णा, तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलो."

"काय सांगणार होतात? मला त्याच दिवशी ठाऊक होतं." त्यांनी बाकीचे नऊ कागद माझ्यापुढे ढकलले. "बार्शीचा मास्तर, अक्कलकोटचा जमीनदार, कुर्डुवाडीचा पार्सलबाबू. ऐकायला मात्र नऊच्या नऊ जण जिलबीसाठी यजमानाला शिव्या देणारे, आणि शब्दसुद्धा तेच? पोरगी एकच उत्तर नऊ वेळा वाचत होती. न अडखळता, बाजारभाव वाचल्यासारखी. मी आंधळा झालो होतो, खुळा नव्हतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ती गेली तर मला वाचून कोण दाखवणार, म्हणून ती एकेकाला परत पाठवत होती. मला ते बरंही वाटत होतं." हे शेवटचे वाक्य त्यांनी खाली मान घालून उच्चारले. "तुमचा कागद वाचताना पहिल्यांदा ती काहीतरी निराळं वाचू लागली. मग अडखळली. म्हटलं, आता एक प्रश्नही पुढं नको, नाहीतर हिचं मन परत फिरेल."

ती अडखळली ते मी दारात दिसलो म्हणून, हे मी त्यांना सांगितले नाही. आजतागायत मला त्याची खात्रीही नाही, आणि यमुनेला विचारायचा धीरही झालेला नाही.

"पण मग इतके दिवस," मी म्हटले, "तुम्हाला वाचून कोण दाखवत होतं?"

"शेजारचा राजय्या आहे ना. हातमागाचं काम आटोपलं की येतो, सगळा पेपर वाचतो," अण्णा घाईघाईने म्हणाले आणि कागद गोळा करू लागले.

आत्या दारात ताटे पुसत उभी होती. ती म्हणाली, "राजय्याला तेलुगूशिवाय एक अक्षर येत न्हाई. ह्यानं तीन वर्षं पेपर घेतला, मांडीवर ठेवला, हात फिरवला आणि तसाच माझ्याकडं दिला. एकाची घडी मोडली न्हाई."

अण्णांनी तिच्याकडे रागाने पाहिले. मी उठलो, त्या दिवशीचे वर्तमानपत्र आणले आणि त्यांच्याजवळ बसून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागलो. आता त्यांना स्वतःला दिसत होते, चष्मा नाकावर होता. तरी त्यांनी तो काढून बाजूला ठेवला, डोळे मिटून घेतले आणि शेवटच्या पानापर्यंत एकदाही मला थांब म्हणाले नाहीत.