चार घरच्या चकल्या

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी भावाचा मेसेज आला: "ताई, फराळाचा फोटो पाठव. नुसतं बघून पोट भरतो."

माझा धाकटा भाऊ फौजेत. त्या वर्षी तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर लेबनॉनच्या सीमेवर होता आणि तिकडे लढाई पेटली होती. फोन लागला तर लागला, नाहीतर मेसेज. तो रोज लिहायचा, "सगळं ठीक आहे, जेवलो." आई तेवढं वाचून चहा टाकायची. मला मात्र एका जागी बसवत नसे. करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल ते गॅलरी माझ्या येरझाऱ्या चालायच्या. बाबा म्हणायचे, "बस की जरा, फरशी झिजेल." ते स्वतः बातम्यांचा आवाज बंद करून मुक्या टीव्हीकडे टक लावून बसत, ते चालायचं.

त्यात दिवाळीच्या तोंडावर गव्हाण गावचे काका गेले. बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नव्हतं, जीव सगळा माझ्या भावावर. त्याला खाडीत पोहायला त्यांनी शिकवलं, फौजेत जायचं म्हणाला तेव्हा सरावाला तो पुढे धावायचा आणि मागून काकांची सायकल. निघताना त्यांनीच त्याला दम भरला होता, "जेवलास का नाय ते रोज लिवायचा. आमी वाट बगतो." म्हणून ते रोजचं 'जेवलो'.

काकांना पोचवून आल्यावर बाबांनी फर्मान काढलं, "त्याला कळवायचं नाही. पहाऱ्यावर लक्ष उडालं तर? परत आला की सांगू." मला मुळीच पटलं नाही. पण उद्या काही बरंवाईट झालं तर खापर माझ्या डोक्यावर, म्हणून गप्प बसले. त्याने काकांचं विचारलं की मी लिहायचे, "बरे आहेत, मोबाइल बिघडलाय."

ज्या घरातलं माणूस गेलं तिथे त्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजारीपाजारी आणि नातेवाईक आणून देतात. आमचा ओटा लोकांच्या डब्यांनी भरला होता. मला वाटलं, आयतंच झालं. सगळ्यांतलं थोडं थोडं काढून ताट सजवलं आणि चांगला उजेड बघून फोटो पाठवला. त्यानेही लगेच आपला पाठवला: जेवणाच्या खोलीत बसलाय, हातात पणती, तोंडभर हसू. आईने फोन डोळ्यांना लावला.

मग त्याचं आलं: "चकल्या तीन-चार तऱ्हेच्या दिसतायत. आईची एकही नाही."

आणि पाठोपाठ: "ताई, कोण गेलं?"

मी फोन पालथा घातला, परत उचलला. तोवर पुढचं आलं होतं: "आधी आई-बाबांना शेजारी शेजारी उभं कर आणि फोटो पाठव. आत्ताच्या आत्ता."

"अगं, गाउनवर कसला फोटो काढतेस?" आई म्हणाली. बाबांना मात्र कळलं. शर्टाची बटणं लावत ते तिच्याशेजारी येऊन ताठ उभे राहिले.

फोटो गेला. मग एकच शब्द आला: "काका?"

मी 'हो' लिहिलं. का लपवलं तेही लिहिलं. मग मला रडू फुटलं, आणि रागही आला. बाबांचा, स्वतःचा, त्या मेल्या चकल्यांचासुद्धा.

संध्याकाळी त्याने लिहिलं: "पहारा करून आलो. लक्ष उडालं नाही, बाबांना सांग. पण तुमचं 'ठीक आहे' वाचून मी निवांत झोपत होतो. आता कसा झोपू?"

मी त्याचा सकाळचा फोटो पुन्हा उघडला. पणती, हसू, समोर ताट. आणि डोक्यावर हेल्मेट. सकाळी ते आम्हा तिघांनाही दिसलं होतं. फौजी म्हटल्यावर हेल्मेट असायचंच, एवढंच वाटलं. पण छताखाली, जेवायला बसताना?

मी तेच विचारलं. तो टाइप करत होता, थांबत होता, पुन्हा करत होता. मी गॅलरीपर्यंत जाऊन आले.

"ताई, 'ठीक आहे' लिहू की खरं लिहू?"

मी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा शोधला, दोनदा वाचलं, आणि एका बोटाने, सावकाश टाइप केलं, "खरं लिही."