करंजाडे ते बेळगाव: एका पावलाच्या धास्तीनं केलेला प्रवास

आमच्या मुलाचा, सुमीतचा फोन आला आणि मी जायचं नाही असंच ठरवलं. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये त्याची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड होती. फोनवर तो हळूच म्हणाला, "आई, डावा घोटा सुजलाय. कुणाला सांगू नको. परेडमध्ये पाय चुकला तर मागच्या बॅचला टाकतील."

हा घोटा लहानपणी क्रिकेट खेळताना मोडलेला. तेव्हापासून सुमीत दमला की डावा पाय जरा ओढतो. आमच्या इमारतीच्या जिन्यावर एक पाऊल जड, एक हलकं वाजलं की मी न बघता चहा टाकायचे. तोच ठेका आता सगळ्यांसमोर ऐकू आला तर?

"जायाचंच," आमचे हे म्हणाले. हे न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात, त्यामुळे रस्त्याची भीती त्यांना ठाऊक नाही. "टेन्शन कशाला घेतेस? मी हाय ना."

परेडच्या आदल्या दिवशी पहाटे करंजाड्याहून निघालो. द्रुतगती मार्ग झकास, पण साताऱ्यापुढे रुंदीकरणामुळे जागोजागी वळवलेला रस्ता आहे, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. कराडजवळची मिसळ छान होती, असं हे म्हणाले. मी माझा पाव यांच्या ताटलीत सरकवला. निपाणीनंतर पाट्या कानडीत दिसू लागल्या. बेळगावात कॅम्पजवळच्या लॉजमध्ये साधी, स्वच्छ खोली मिळाली. परेडच्या दिवसांत लॉज भरतात, आधी फोन करून ठेवा. आधार कार्ड विसरू नका.

सकाळी मैदानावर नातेवाइकांची गर्दी होती. शेजारी साताऱ्याकडच्या एक मावशी बसल्या होत्या. फौजेत जाणारा त्यांचा हा दुसरा मुलगा.

"पयल्यांदाच आलाय जनू?" त्यांनी विचारलं. "मग ऐका, नाव घिऊन हाक मारू नगासा. पोरगं दचकतंय, पाऊल चुकतं."

मी तोंडावर पदरच धरला.

बँड आला. बॅगपाइप, खांद्यावर चौकड्यांची शाल, पुढे दंडा फिरवणारा उंचापुरा बँडमेजर. निवेदक सांगत होते की ही धून जुन्या इंग्रज पलटणींची, आणि इथली जलद चालही तेव्हापासूनची. इंग्रज गेले, त्यांची घाई इथेच राहिली. एरवी मला हसू आलं असतं. त्या चालीवर सगळी तुकडी झपाझप आत आली आणि मी फक्त बूट बघत राहिले. एकसारखे काळे बूट. माझा मुलगा कुठला, काही कळेना.

"तिसऱ्या रांगेत हाय बघ," हे म्हणाले.

"नक्की?"

"अंदाजानं बोललो गं."

मग धर्मगुरू ग्रंथ घेऊन आले, निशाण आलं, मुलांनी शपथ घेतली. आता संपलं असं वाटलं, तोच हुकूम झाला: "धीरे चल!" जलद चालीला मी उगाच घाबरले होते. खरी परीक्षा ही होती. संथ चालीत एक पाय हवेत थांबतो आणि सगळा भार दुसऱ्यावर येतो. पाइप बंद झाले, नुसता ढोल राहिला. प्रत्येक ठोक्याला मी कान टवकारून ते जड पाऊल शोधत होते. यांचं मनगट मी इतकं दाबलं की तिथे बोटांचे वळ उठले.

जड पाऊल आलंच नाही. सगळे पाय एक होऊन गेले.

नंतर सुमीत समोर येऊन उभा राहिला, सॅल्यूट केला. आमच्या छातीवर पालकांना देतात ते गौरव पदक लावलं गेलं. मी पहिलं विचारलं, "पाय?"

"बरा आहे. आई, इथे नको ना."

मुख्य बाजारातून कुंदा, ही तिथली खव्याची मिठाई, घेऊन परतलो. सोसायटीत वाटला, मागून मागून खाल्ला लोकांनी. तुम्ही गेलात तर जास्तीच घ्या.

सुमीत आमच्याबरोबरच रजेवर आला होता. दुसऱ्या दिवशी जिन्यावर कुणीतरी ठाम, एकसारख्या पावलांनी वर येताना ऐकलं. कुरिअरवाला असेल म्हणून मी उठले नाही. बेल वाजली. दारात दूध घेऊन सुमीत उभा होता. मी त्याला ओळखलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

रजा संपली. त्याची पहिली नेमणूक बर्फाच्या भागात आहे. हे रिक्षा आणायला आधीच खाली गेले होते. बॅग पाठीवर टाकून तो जिना उतरू लागला, मी दार लोटून आत कान देऊन उभी राहिले. दुसऱ्या मजल्यापर्यंत पावलं अगदी परेडसारखी पडत होती. त्याखाली, आईला आता ऐकू जात नसेल असं त्याला वाटलं असावं, एक जड, एक हलकं.

माझा मुलगा मला सापडला, म्हणून क्षणभर इतका आनंद झाला. आणि मग आठवलं, तो बर्फात चाललाय.

"पोचंल तो बरोबर," खालून परत आल्यावर हे म्हणाले. "कसला ताठ चालत गेला!"

मी आत जाऊन चहा टाकला.