पुढचं-मागचं जुळत नाही

गायकवाड मामा गाडीपाशी आले की आधी तिच्याभोवती एक फेरी मारत आणि मग सरळ तिच्याखाली शिरत. अंगाखाली गोणी, एका हातात रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं, दुसऱ्या हातात खडू. थोड्या वेळाने खालून आवाज यायचा, "लिहा ताई. इंजिन डिझेल, मूळचं नाही. गिअरची पेटी चारची, तीपण मूळची नाही." तोवर मी बॉनेटही उघडलेलं नसायचं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं ऑफिस होतं. जुनी गाडी घेण्याआधी लोक ती आमच्याकडून तपासून घेत. चारही चाकांना जोर देणारे जुने ट्रक आणि जीपा हे मामांचं खातं. अशा गाडीत वीस-तीस वर्षांत मूळचं फारसं काही उरत नाही. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं, तीनच्या जागी चार गिअर आलेले असतात, आणि नोंदणीच्या पुस्तकात मात्र सगळं पहिल्यासारखंच. मी मुलुंडहून येणारी, इंजिनियरिंगची पदवी घेतलेली. पण गाडीखालच्या त्या काळ्या पेट्या मला सगळ्या सारख्याच दिसत. मामा झाकणाचे बोल्ट मोजत, ओतकामात उठलेले आकडे पुसून त्यांवरून बोट फिरवत. ते म्हणत, "ठोकलेला नंबर कुणीपण ठोकतो. ओतलेला नंबर कारखान्यातच पडतो. भरवसा त्याच्यावर ठेवायचा."

मामा जालन्याकडचे. एका बस डेपोच्या वर्कशॉपात तीस वर्षं गिअरबॉक्स उतरवले, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले. राहायला घाटकोपरला. इंग्रजी अक्षरं आणि आकडे त्यांना ओळखता यायचे, वाचता मात्र येत नसे. आमचे फॉर्म इंग्रजीत. त्यामुळे ते सांगत, मी भरत असे, आणि शेवटी ते खाली सावकाश, वळणदार मराठीत सही करत.

सुरुवातीला एका जीपच्या गिअरदांड्यावरच्या गोळ्यावर चार गिअरची खूण बघून मी फॉर्मवर 'चार' लिहून टाकलं होतं. मामांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "गोळा बदलायला दोन मिनिटं लागतात ताई. आत बसा, एकेक टाकून बघा." गिअर तीनच निघाले. ऑफिसात त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही. मला नवा फॉर्म आणून दिला आणि चहा प्यायला निघून गेले.

जव्हारकडच्या पाड्यांवर औषधं नेणाऱ्या एका लहान संस्थेला ट्रक हवा होता. त्यांनी लिलावातला एक जुना, चार चाकांच्या जोराचा ट्रक पसंत केला आणि तो आमच्याकडे तपासायला आला. मामांनी मागचं एक चाक जॅकवर उचललं, त्यावर आणि ते फिरवणाऱ्या, गाडीखालून येणाऱ्या शाफ्टवर खडूने खुणा केल्या. मला चाक दोन फेरे फिरवायला लावलं आणि स्वतः शाफ्टचे फेरे मोजले. मग पुढे तसंच. मागे साडेचारसुद्धा भरले नाहीत, पुढे पाचाच्या वर गेले.

मामा हात पुसत म्हणाले, "इंजिन बदललं तेव्हा मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचा टाकलाय. पुढचं-मागचं जुळत नाही. चारही चाकांचा जोर लावून डांबरी रस्त्यावर चालवली, तर पुढे-मागे जोर वाटणारी मधली पेटी फुटणार. आणि या गाडीचा हँडब्रेक त्या पेटीवरच आहे. हे नीट लिहा ताई."

फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती. 'चार चाकांचा जोर' यापुढे दोनच चौकोन होते: चालतो, चालत नाही. वेगळी टीप जोडली असती तर फाइल साहेबांकडे परत गेली असती, आणि संस्थेला रिपोर्ट त्याच दिवशी हवा होता. साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते. दांडा ओढला की चारही चाकं फिरत होती, तेवढं खरं. मी 'चालतो'वर खूण केली. संस्थेला फोन करून सांगू, असं ठरवलं. मामांनी सही करताना विचारलं, "लिहिलं ना सगळं?" मी हो म्हटलं.

फोन मी केला नाही. दुसऱ्या दिवशी विसरले, आणि तिसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा आता उशीर झाला असं वाटलं.

दीड महिन्यानंतर घाटात ती पेटी फुटली. ड्रायव्हर सुदामने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि चाकाला दगड लावायला तो उतरला. हँडब्रेक त्याच फुटलेल्या पेटीवरचा, तो धरणार कशाला? गाडी मागे आली आणि चाक त्याच्या पायावरून गेलं.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. रिपोर्ट टेबलावर होता, खाली मामांची सही. साहेबांनी मला विचारलं की तपासताना यांनी काही सांगितलं होतं का. मी फॉर्मकडे बघत म्हणाले, "आठवत नाही, सर."

मामा माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. म्हणाले, "ताईंना आठवत नसेल, तर मी सांगायला कमी पडलो असेन."

आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच दिवशी त्यांना काढलं. ऑफिसात कुणालाच नवल वाटलं नाही. कमी शिकलेला माणूस, चुकला असणार, असं सगळे धरूनच चालले. त्यांतले दोघे-तिघे मामांबद्दल दबक्या आवाजात आणखीही काही म्हणाले, त्यांच्या जातीवरून. मी ते ऐकलं आणि कॉम्प्युटरकडे बघत राहिले.

तीन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. मामी पाणी देऊन आत गेल्या. मी सगळं कबूल केलं, रडले. साहेबांना खरं काय ते लेखी देते म्हणाले. मामांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "सुदामचा पाय कसाय?"

मला माहीत नव्हतं. मी चौकशीच केली नव्हती.

"मी दोनदा जाऊन आलो," ते म्हणाले. "घोट्यातून वाकत नाही. मला सांगून काय उपयोग, ताई? पाय माझा गेला नाही."

साहेबांना मी लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि प्रकरण मिटलंय म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मी नोकरी सोडली. पण जव्हारला सुदामकडे जायचं काही होईना. या रविवारी, पुढच्या रविवारी करत पाच महिने गेले, आणि एका सकाळी मामींचा फोन आला की मामा झोपेतच गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी गेले. सुदाम घरासमोर काठी टेकून उभा होता. मामा गेल्याचं सांगितलं तेव्हा तो ओट्यावर बसला. म्हणाला, "लई भले होते. म्हणायचे, माझी सही आहे, चूक माझी. मी विचारलं, तुम्हाला इंग्रजी येत नाही, मग कागद लिहिला कोणी? तर बोललेच नाहीत."

माझी ओळख मी तोवर फक्त मामांच्या ऑफिसातली म्हणून दिली होती. तेवढ्यावर उठून येता आलं असतं, आणि क्षणभर तेही मनात आलं.

"मी लिहिला," मी म्हणाले.

सुदाम माझ्याकडे बघत राहिला. मग काठीवर जोर देऊन उठला, आणि घरात गेला.