लवंगेखाली दाबलेला खोकला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुलाजवळ नाही, सुनेजवळ नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा हे सोडून बाकीचंच बोलतो. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका. शाळा माझी चौथीपर्यंत — नीट मांडता येईलच असं नाही.

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागे बाग आहे. थंडी पडली की येऊरच्या डोंगराकडून सकाळी असा वारा येतो, की कान ठणकतात. तिथं आम्ही पाच म्हातारे बसतो, आणि पाचही जणांना थंडीत धडधाकट ठेवायचं काम माझं. कुणी दिलं नव्हतं — मीच घेतलं होतं. पहाटे उठून तुळस, आलं, मिरी, गवती चहा उकळायचा, काढा थर्मासात भरायचा, बाकावर वाटायचा. नियम पण माझेच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पाठ तापेस्तोवर उन्हात बसणं. झोपताना तळपायाला तिळाचं तेल. आणि ज्याला सर्दी, त्यानं चार दिवस बागेत पाय ठेवायचा नाही. कुणी नुसतं नाक ओढलं तरी मी बाकावरून उठवायचो, "चल, घरी जा. इथं वाटायला नको आणू." आणि लोक उठायचे हो! घरात माझं कोण ऐकतं?

त्यातला बबन कांबळे माझा खास. भांडुपच्या कारखान्यात बत्तीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर. काढ्याचा पहिला पेला त्याचा, हे ठरलेलं.

मग करंदीकर आले. बँकेतून रिटायर, लेकीकडे राहायला आलेले. माणूस वाईट होता का? नाही ना — वाईट असता तर बरं झालं असतं. ते आवळ्याचा रस आणू लागले, आलं आणि सैंधव घातलेला. सोबत कागदी कप, ज्याचा त्याला वेगळा. माझ्याकडे स्टीलचे दोन पेले, तेच विसळून फिरायचे. मी म्हटलं, "काय करंदीकर, लग्नाची पंगत बसवताय काय?" सगळे हसले. ते पण हसले. पण एका सकाळी बबन रस पिऊन मिशी पुसत म्हणाला, "झकास! शिवा, तुझ्या काढ्याला आता सुट्टी दे रे!"

थट्टाच ती. बत्तीस वर्षं अशीच थट्टा केली होती त्यानं. पण दुसऱ्या दिवशी तो करंदीकरांच्या शेजारी बसला — माझ्या बाजूला जागा असताना. मी घरी आलो आणि जेवलो नाही. सून म्हणाली, "पोट बिघडलं का बाबा?" काय सांगणार? मित्र दुसऱ्या माणसाशेजारी बसला म्हणून? या वयात?

त्याच आठवड्यात मला ताप आला. अंग कणकणलं, छातीतून खोकला सुटला. नियम माझाच होता — चार दिवस घरी. पण चार दिवस मी घरी, आणि बाकावर कोण? कोणाचे कप? — मी सुनेला कळू दिलं नाही. तापाची गोळी घेतली, दाढेखाली दोन लवंगा धरल्या, म्हणजे खोकला दबतो, आणि थर्मास घेऊन गेलो.

त्या दिवशी बबनला मी स्वतः हाक मारली. "ये रे इकडे, गरम आहे तोवर घे." चव बघायला म्हणून पहिला घोट मी घेतला. मग तोच पेला, न विसळता, त्याच्या हातात दिला. मनात आलं नव्हतं का? आलं होतं. काढा गरम आहे, त्यात काय जगतंय, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे विसळायला वळलो असतो, तर तो उठून गेला असता.

चौथ्या दिवशी बबन पडला. न्यूमोनिया. हॉस्पिटलात मी रोज जायचो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जवळपास कुणाला ताप-खोकला होता का?" वहिनींनी, बबनच्या बायकोनं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही बुवा. आमच्यात कुणालाच नाही." आणि बाई गेल्यावर, वहिनींनी विचारलंही नव्हतं, तरी बोललो — "सकाळच्या थंडीत तो आवळ्याचा रस. त्यानंच छाती धरली."

बागेतही तेच सांगितलं. करंदीकरांसमोर. ते पांढरे पडले. कागदी कपांची पिशवी मांडीवर धरून म्हणाले, "माझ्यामुळे झालं का हो हे, शिवराम?"

मी म्हटलं, "मग काय माझ्या काढ्यानं?"

त्यानंतर ते आले नाहीत. अजून कधी कधी दिसतात, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून एकटे चालताना. बबनला बघून लांबूनच हात जोडतात. बबन मान फिरवतो. मी शिकवलंय त्याला ते.

बबन वाचला, पण पहिल्यासारखा नाही. बागेची एक फेरी पण होत नाही. गेटजवळच्या बाकावर बसतो, खिशात श्वासाचा पंप. बोलताना वाक्य मधे तुटतं, मग थांबतो, मग पुरं करतो. मी समोर बघत राहतो.

आज सकाळी त्याला पेला दिला. आता मी पेले गरम पाण्यानं धुऊन आणतो, प्रत्येकाचा वेगळा. त्यानं फुंकर घातली — एका फुंकरीत दमला — आणि म्हणाला, "शिवा... तुझा काढाच खरा रे. त्या करंदीकरनं माझी वाट लावली."

मी थर्मासाचं झाकण घट्ट केलं. आणि खरं सांगू? ते ऐकून मला बरं वाटलं. आजसुद्धा.